घरामागच्या खाऱ्या कालव्यावर सहकुटुंब मासेमारी : केप कोरलमधील नवागतांसाठी मार्गदर्शन

नैर्ऋत्य फ्लोरिडातील केप कोरल हे शहर लेनर्ड आणि जॅक रोझेन या बंधूंनी १९५७ साली वसवायला घेतले. पाणथळ जमिनीत कालवे खणायचे आणि निघालेल्या मातीच्या भरावावर घरांसाठी भूखंड तयार करायचे, ही त्यांची पद्धत होती. त्यामुळे आज या एका शहरात ४०० मैलांहून अधिक लांबीचे कालवे आहेत. उत्तरेकडील थंडी सोडून किंवा नोकरीनिमित्त येथे घर घेणाऱ्या कुटुंबांना, त्यांत मराठी कुटुंबेही आली, घराबरोबर अनेकदा मागच्या अंगणातला लाकडी डॉकही, म्हणजे पाण्यावर खांबांवर उभारलेला फळ्यांचा धक्काही, मिळतो, आणि मुले पहिल्याच आठवड्यात मासे पकडायचा हट्ट धरतात. तो हट्ट जरूर पुरवावा. मात्र मोठा रॉड आणून कालव्याच्या मध्यभागी जितका लांब जाईल तितका गळ फेकायचा, ही नवागताची स्वाभाविक पद्धत येथे फारशी उपयोगी पडत नाही.

याचे कारण कालव्याच्या घडणीत आहे. यंत्राने खणलेल्या कालव्याचा तळ बहुधा उघडा आणि गाळाचा असतो; तेथे पाणगवत नाही, खडक नाही, की लहान जीवांना आसरा नाही. याउलट डॉकच्या खांबांवर आणि काठच्या काँक्रीटच्या भिंतीवर बार्नकल (घट्ट चिकटून राहणारे धारदार कवचाचे जीव), शिंपले आणि बारीक खेकडे वाढतात, त्यांच्यामागे लहान मासे येतात आणि त्या माशांमागे मोठे मासे येतात. डॉकची सावली उन्हापासून आणि पक्ष्यांपासून आडोसाही देते. म्हणजे आपण ज्या फळ्यांवर उभे असतो, त्यांच्याच खाली त्या पाण्यातले बरेचसे मासे असतात. ही गोष्ट मुलांच्या दृष्टीने अतिशय सोयीची आहे, कारण गळ डोक्यावरून मागे नेऊन फेकण्याची गरजच उरत नाही, आणि डॉकवरच्या गळाच्या अनेक दुखापती तशा फेकीत होतात.

पाणी खारे आहे की गोडे, ते आधी ठरवावे

केप कोरलमधील सगळे कालवे समुद्राला जोडलेले नाहीत. शहराच्या आतल्या आणि उत्तरेच्या भागातले अनेक कालवे गोड्या पाण्याचे असून बांधांनी अडवलेले आहेत. दक्षिण व पश्चिम भागातले कालवे कलूसाहॅची नदीला आणि मटलाशा पासला मिळतात, व त्यांतून भरती-ओहोटी येत-जात असते. खांबांवर बार्नकलचे खरखरीत, पांढुरके थर असतील, काठावर आधारमुळे पसरलेले लाल तिवर असतील आणि दिवसभरात पाण्याची पातळी बदलत असेल, तर कालवा खारा आहे. हे ठरवणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्हींचे मासे वेगळे, नियम वेगळे आणि परवानेही वेगळे असतात. तिवरांविषयी एक सूचना येथेच द्यायला हवी : दृश्य मोकळे करण्यासाठी त्यांच्यावर कुऱ्हाड चालवू नये. फ्लोरिडात १९९६ च्या कायद्याने तिवरांच्या छाटणीवर कडक मर्यादा घातल्या आहेत, आणि त्या मुळांमध्येच आपल्या डॉकखाली येणारे मासे लहानाचे मोठे होतात.

परवाना, आणि भारतातून आलेले आजी-आजोबा

डॉक स्वतःचा असला तरी पाणी सार्वजनिक असते, आणि मासा परत सोडायचा असला तरीही परवाना लागतो. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाच्या, म्हणजे एफडब्ल्यूसीच्या, संकेतस्थळावर तो काही मिनिटांत काढता येतो. फ्लोरिडाच्या रहिवाशांना किनाऱ्यावरून किंवा किनाऱ्याला जोडलेल्या बांधकामावरून खाऱ्या पाण्यात मासेमारी करण्यासाठीचा परवाना विनामूल्य आहे, मात्र तो काढावा लागतो; होडीतून किंवा कयाकमधून मासे धरायचे असतील तर वर्षाला १७ डॉलरचा नेहमीचा परवाना घ्यावा लागतो. सोळा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. पासष्ट वर्षे पूर्ण केलेल्या रहिवाशांनाही लागत नाही, आणि नेमका येथेच आपल्या कुटुंबांत घोटाळा होतो.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील सत्तरीचे असले तरी ते फ्लोरिडाचे रहिवासी नसतात, त्यामुळे ज्येष्ठांची सवलत त्यांना लागू होत नाही आणि विनामूल्य किनारी परवानाही मिळत नाही. त्यांच्या हाती रॉड द्यायचा असेल तर अनिवासी परवाना घ्यावा : तीन दिवसांसाठी १७ डॉलर, सात दिवसांसाठी ३० आणि वर्षासाठी ४७. दीर्घ मुक्काम असेल तर वर्षाचा परवाना घेणेच शहाणपणाचे आहे, कारण ज्यांचे बालपण मालवणच्या किंवा अलिबागच्या खाडीवर गरवण्यात गेले, त्यांना एकदा डॉकवर बसवल्यावर तीन दिवसांत उठवणे कठीण जाते.

कोणत्या माशाची किती लांबी आणि दिवसाला किती नग, याचे नियम बदलत राहतात आणि भागागणिक वेगळे असतात. म्हणून ‘फिश रूल्स’ हे अ‍ॅप फोनवर ठेवावे आणि मासा ठेवून घेण्यापूर्वी दर वेळी पाहावे.

डॉक मुलांसाठी सुरक्षित करावा

काठच्या भिंतीलगत पाणी लगेच खोल होते. समुद्रकिनाऱ्यासारखा उतार येथे नसतो. त्यामुळे पोहता येणाऱ्या लहान मुलांनाही डॉकवर तटरक्षक दलाने मान्य केलेले जीवरक्षक जॅकेट घालावे, पाण्यातून वर येण्यासाठी पक्की शिडी बसवावी, आणि मुले डॉकवर असतील तोवर एका मोठ्या माणसाने हातात गळ न धरता केवळ लक्ष ठेवावे. हे लक्ष ठेवण्याचे काम पाळीपाळीने ठरवून घ्यावे, कारण सगळ्यांचे लक्ष आहे असे गृहीत धरले की प्रत्यक्षात कोणाचेच नसते.

पायांत बंद बूट हवेत. बार्नकलची धार पात्यासारखी कापते, आणि उबदार मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू असू शकतो, जो उघड्या जखमेतून शरीरात शिरतो. सप्टेंबर २०२२ मधील इयन चक्रीवादळानंतर ली काउंटीत, म्हणजे केप कोरल ज्या परगण्यात आहे तेथे, याचे रुग्ण वाढले होते. खरचटल्यास जखम ताबडतोब साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवावी. लाली वेगाने पसरू लागली किंवा ताप आला तर वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि खाऱ्या पाण्याचा संबंध आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी अंगावर जखम असताना या पाण्यात हात घालू नये.

उन्हाळ्यात दुपारनंतर येथे विजांचे तांडव रोजचे असते, आणि कार्बनचा रॉड वीजवाहक असतो. पहिला गडगडाट ऐकू येताच सर्वांनी घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर येऊ नये.

साधने : थोडी आणि साधी

मोठ्यांसाठी सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड आणि २५०० किंवा ३००० आकाराचे स्पिनिंग रील पुरते. मुलांसाठी पाच-साडेपाच फुटांचा रॉड घ्यावा. रीलवर १० ते १५ पाउंडांची विणलेली दोरी भरावी आणि तिच्या टोकाला २० पाउंडांच्या फ्लोरोकार्बनचा दोन-तीन फुटांचा तुकडा जोडावा. हा तुकडा पाण्यात कमी दिसतो आणि खांबांवर घासल्यावर विणलेल्या दोरीपेक्षा जास्त टिकतो. गाठी अनेक आहेत, पण नवागताने ‘युनी’ ही एकच गाठ नीट शिकावी. गळ बांधायला तीच चालते, आणि दोन दोऱ्या जोडायला तीच दोन्ही बाजूंनी मारतात. आवळण्यापूर्वी गाठ ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दोरी कमजोर होते.

गळ गोलाकार, म्हणजे ‘सर्कल हुक’ घ्यावा, क्रमांक १ किंवा १/०. त्याचे टोक आत वळलेले असल्यामुळे तो माशाच्या घशात न अडकता बहुधा ओठाच्या कोपऱ्यात बसतो, आणि सोडायचा मासा जिवंत राहतो. स्टेनलेस पोलादाचा गळ टाळावा; तुटून माशाच्या तोंडात राहिलाच तर साधा गळ गंजून गळून पडतो. गळाच्या फूटभर वर चीर असलेली शिशाची एक-दोन लहान वजने चिमटून लावावीत, फक्त ती दातांनी दाबू नयेत आणि मुलांच्या हाती देऊ नयेत. याखेरीज लांब दांड्याची रबरी जाळी, लांब चोचीचा चिमटा आणि मोजपट्टी एवढे झाले की खरेदी थांबवावी.

आमिष, आणि गळ नेमका कोठे सोडायचा

आमिषाच्या दुकानात मिळणारी जिवंत कोळंबी हे येथले सर्वांत भरवशाचे आमिष आहे. अख्खी कोळंबी लावायची असेल तर डोक्यावरच्या काट्याखालून, आत दिसणारा काळा ठिपका चुकवून गळ आडवा ओवावा. त्या ठिपक्याला धक्का लागला नाही तर ती बराच वेळ जिवंत राहते. मात्र लहान मुलांना मासा लागावा अशी इच्छा असेल तर कोळंबी सोलून गळाएवढाच तुकडा लावणे अधिक चांगले. मोठे आमिष लहान मासे कुरतडून पळवतात, आणि दर वेळी रिकामा गळ वर आला की मुलांचा उत्साह मावळतो.

कोकणातला पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, ज्यांना टाकता येतो, त्यांनी तो येथेही टाकावा. १४ फुटांपर्यंतच्या त्रिज्येचा पाग चालतो, पण डॉकवरून पाच-सहा फुटांचा पुरे. त्यात पिनफिश आणि बोईची पिल्ले मिळतात. येथला मलेट म्हणजे आपल्याकडच्या खाडीतली मोठी बोयच आहे, जातही तीच. ती गळाला सहसा लागत नाही, परंतु आमिष म्हणून उत्तम.

आता मुख्य कृती. डॉकच्या कडेवर उभे राहून, सावली पाण्यात कोणत्या बाजूला पडते आणि प्रवाह कोणत्या दिशेने आहे ते पाहावे. खांबापासून हातभर अंतरावर आमिष सरळ खाली सोडावे, शिसे तळाला टेकल्याचे जाणवले की रीलची दोन वळणे घेऊन ते फूटभर वर उचलावे, आणि दोरी ताणलेली ठेवून थांबावे. दहा मिनिटांत काहीच झाले नाही तर पुढच्या खांबाकडे जावे. एकाच ठिकाणी तासभर बसण्यापेक्षा प्रत्येक खांबाला थोडा वेळ देणे केव्हाही फलदायी ठरते.

शीपशेड या माशासाठी एक जुनी युक्ती आहे : स्वतःच्या डॉकच्या खांबावरचे थोडे बार्नकल लांब दांड्याच्या खुरपणीने खरवडून पाण्यात पडू द्यावेत, आणि काही मिनिटांनी त्याच खांबाशी कोळंबीचा तुकडा किंवा लहानसा फिडलर खेकडा सोडावा. खरवडलेल्या कवचांच्या वासाने हे मासे गोळा होतात. शेजाऱ्याच्या खांबांना अर्थातच हात लावू नये.

सर्कल हुक वापरताना जोराने हिसका द्यायचा नसतो, आणि कोकणात गरवलेल्या ज्येष्ठांना हीच सवय मोडणे सर्वांत जड जाते. टोचणी जाणवली की थांबावे, दोरी जड झाली की रील संथपणे आणि सलग फिरवावे. गळ आपोआप बसतो. मासा लागल्यावर मात्र पहिले काही क्षण निर्णायक असतात. मँग्रोव्ह स्नॅपर थेट खांबांकडे धाव घेतो आणि बार्नकलवर दोरी कापून निघून जातो, म्हणून रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला होणारा रोध, थोडा घट्ट ठेवावा आणि माशाला लगेच खांबापासून दूर, मोकळ्या पाण्यात ओढावे. ओहोटीला डॉक पाण्यापासून उंच असतो. तेव्हा मासा दोरीने वर उचलू नये, जाळी खाली न्यावी.

वेळ : चालते पाणी हवे

पाणी थांबलेले असताना कालव्यातले मासे फारसे खात नाहीत. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा आरंभ, त्यातही हे पहाटे किंवा सायंकाळी जुळून आले तर, उत्तम. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. येथे हा फरक दोन फुटांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, आणि काही दिवशी तर दिवसात एकच ठळक भरती येते. त्यामुळे तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचे कोकणातले गणित येथे चालवू नये. नोआ या अमेरिकी सागर व हवामान संस्थेने प्रसिद्ध केलेल्या फोर्ट मायर्सच्या वेळा पाहाव्यात, परंतु आपला कालवा जितका आत आणि वळणावळणाचा, तितके पाणी उशिरा पोहोचते. काही दिवस एका खांबावर पातळीची खूण करून छापील वेळ आणि आपल्या डॉकची वेळ यांतले अंतर लिहून ठेवावे. मुलांना हे काम फार आवडते आणि ते एकदाच करावे लागते.

हिवाळ्यात खोल खणलेले कालवे उथळ खाडीपेक्षा उबदार राहतात, म्हणून थंडीच्या लाटेत स्नूक, शीपशेड आणि लहान टार्पन आत येतात. स्नूकला थंडी मुळीच सोसत नाही. जानेवारी २०१० च्या कडाक्यात फ्लोरिडात असंख्य स्नूक मेले होते. ऐन उन्हाळ्यात, विशेषतः बंद टोकाच्या कालव्यात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले तर त्या दिवशी गळ टाकू नये, कारण सोडलेला मासाही तेव्हा जगत नाही.

काय लागले ते ओळखावे

मँग्रोव्ह स्नॅपर हा आपल्या तांबोशाच्याच गोत्रातला. डोळ्यावरून जाणारी गडद रेघ आणि पुढचे सुळे ही त्याची ओळख, आणि तो गळ काढताना बोटाला चावतो. किमान लांबी १० इंच, दिवसाला माणशी पाच. शीपशेडच्या राखाडी अंगावर काळे उभे पट्टे असतात व तोंडात माणसासारखे चपटे दात. तो नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत १२ इंच भरला पाहिजे, आणि माणशी आठ ठेवता येतात. लहान ब्लॅक ड्रमलाही असेच पट्टे असतात, त्यामुळे हनुवटीखाली पाहावे : तेथे मिशांसारखे तंतू असतील तर तो ड्रम, आणि त्याला १४ ते २४ इंचांचा नियम लागू होतो. स्नूकच्या अंगावर एक ठळक काळी रेघ असते आणि त्याच्या कल्ल्याची कड धारदार असते. तो ठेवायला वेगळा १० डॉलरचा परवाना, विशिष्ट हंगाम आणि अरुंद लांबीमर्यादा आहे, त्यामुळे नवागतांनी तो कौतुकाने पाहून सोडून द्यावा हे उत्तम.

शिंगाळ्याच्या जातीचा कॅटफिश हमखास लागतो. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असते, म्हणून मुलांना तो हाताळू देऊ नये. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाकटाच्या नांगीवरही हाच प्रथमोपचार आहे, आणि त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे. फुगणारा पफर मासा कोणत्याही परिस्थितीत खाऊ नये.

क्वचित करवतीसारखे लांब तोंड असलेला सॉफिश गळाला लागतो. कलूसाहॅचीचे मुख आणि हे कालवे म्हणजे त्याच्या पिल्लांचे पाळणाघरच आहे, आणि २००३ पासून तो अमेरिकेत संकटग्रस्त प्रजाती म्हणून संरक्षित आहे. त्याला पाण्याबाहेर मुळीच काढू नये. गळाच्या शक्य तितके जवळ दोरी कापून सोडावे आणि आयोगाला कळवावे. मॅनाटी हा मोठा सस्तन जलचर डॉकपाशी आला तर सगळे गळ वर घ्यावेत, आणि त्याला बागेच्या नळीने पाणी पाजू नये, तेही बेकायदा आहे. पेलिकन गळात अडकला तर दोरी तोडू नये; लोंबती दोरी पुढे त्याचा जीव घेते. त्याला हळूहळू जवळ ओढावे, जाळीत घ्यावे, डोक्यावर टॉवेल टाकावा, गळाचे अणकुचीदार टोक चिमट्याने कापून गळ काढावा आणि मग सोडावे.

सोडायचा मासा ओल्या हातांनीच धरावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर जात नाही. तापलेल्या फळ्यांवर त्याला ठेवू नये.

ठेवलेला मासा

खाण्यासाठी घेतलेला मासा लगेच बर्फात घालावा. बादलीत तडफडत ठेवलेल्या माशाचे मांस नरम पडते. एका जेवणापुरते मासे झाले की मर्यादा शिल्लक असली तरी थांबावे, असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्या खांबांवर राहणारे मासे मोजकेच असतात आणि एका आठवड्यात ते उपसले तर डॉक बराच काळ रिकामा राहतो. शीपशेडचे खवले चिवट आणि फासळ्या जाड असतात, तेव्हा तो आपल्या पद्धतीने तुकड्या करण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे मांस सोलून घ्यावे. स्नॅपर मात्र तांबोशासारखाच, तुकड्या पाडून हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळावा किंवा त्याचे तिरफळ घातलेले कालवण करावे. काटे आणि डोकी कालव्यात टाकू नयेत. मोठी हाडे पेलिकनच्या घशात अडकतात आणि मगरींना डॉकची सवय लागते. पिशवीत भरून कचऱ्याच्या दिवसापर्यंत ती फ्रीझरमध्ये ठेवावीत.

पाणी हिरवेगार आणि दुर्गंधीयुक्त दिसत असेल, किंवा मेलेले मासे तरंगत असतील, तर मासेमारी थांबवावी. २०१८ च्या उन्हाळ्यात येथल्या कालव्यांत नील-हरित शेवाळाचा जाड थर साचला होता, आणि त्याच काळात समुद्रात लाल लाटही, म्हणजे विषारी सूक्ष्म शेवाळाचा प्रादुर्भावही, होती. अशा पाण्यातला मासा खाऊ नये, पाळीव कुत्र्यालाही त्या पाण्याजवळ जाऊ देऊ नये. या शेवाळाला खत लागते, म्हणून १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळी काळात ली काउंटीत हिरवळीला नत्र-स्फुरदयुक्त खत घालण्यास बंदी आहे. ती आपल्या बागकाम करणाऱ्यालाही स्पष्ट सांगावी, कारण हिरवळीवरचे पाणी थेट आपल्याच डॉकखाली उतरते.

परतताना रॉड आणि रील गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवून ड्रॅग सैल करावा, दोरीचे सारे तुकडे उचलावेत, आणि उरलेली जिवंत कोळंबी त्याच दिवशी गोठवून ठेवावी. पुढच्या खेपेला मुलांच्या गळांना ती पुरेल.